अढीतली गिटार

माझ्या मोठ्या भावाला अढीत नुसता हात घातला की आंबा कुठवर आलाय ते कळतं. गवताखाली तळहात सरकवायचा, जरा थांबायचं आणि सांगायचं, हा उद्या होईल, हा परवा, या थराला अजून ऊब लागली नाही, वर गोणपाट टाका. मिठबावात आमच्या वाडीत सगळेच आंबेवाले, पण दादाच्या हाताची बरोबरी कोणी करत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण अढीची खोली एवढी गरम असते हे आपल्या लक्षातच आलं नाही असं तो पुढे म्हणणार आहे.

गिटार पप्पांची होती. मडगावच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून त्यांनी ती घेतलेली, मोठ्या पोटाची, मधासारख्या रंगाची, वरच्या कडेला कोपर टेकून टेकून पॉलिश गेलेली. पप्पा तिला फार जपत. उन्हाळ्यात वाजवून झालं की तारा सैल करत आणि मगच पेटीत ठेवत. घरात कोणी तिला हात लावायचा नाही, आणि आंब्याच्या सीझनमध्ये तर मुळीच नाही. हापूसचा चीक काय असतो ते आंब्याच्या घरातल्यांनाच ठाऊक. अंगावर उडाला तर कातडी भाजते, नखांच्या कडा काळ्या होतात त्या पाऊस लागला तरी काळ्याच राहतात, आणि लाकडाच्या पॉलिशवर बसला तर खरवडूनही निघत नाही. "नको, चिकाचे हात आसत," एवढंच पप्पा म्हणत. माझे हात स्वच्छ असायचे, कारण मला बागेत कोणी धाडत नव्हतं. मी पप्पांच्या शेजारी पायरीवर बसून शिकले. दादा तेव्हा बागेत असायचा.

लग्न होऊन मी मालवणला आले तेव्हा पप्पांनी गिटार माझ्याबरोबर दिली. घर आणि बागा दादाला, गिटार मला. यात कोणाला खटकण्यासारखं काय आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पप्पा गेल्यावर दरवर्षी मे महिन्यात माहेरच्या अंगणातल्या क्रुसासमोर लदीन व्हायची तेव्हा मी गिटार घेऊन जायचे. लदीन म्हणजे संध्याकाळची सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. पप्पा वाजवायचे ती जागा, क्रुसाच्या डाव्या हाताची, माझी झाली. कोणी दिली नव्हती, पण कोणी हरकतही घेतली नव्हती.

मग आलं दादाच्या मुलीचं लग्न. लग्नाआधी आमच्यात रोस असतो, नवरीच्या अंगाला नारळाचा रस लावायचा आणि सगळ्यांनी गायचं. पोरीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, आत्ते, तूच वाजवायचं. मला मध्ये मी शिकवते त्या शाळेच्या कामासाठी रत्नागिरीला जायचं होतं, म्हणून मेच्या सुरुवातीलाच गिटार माहेरी नेऊन ठेवली. हॉलमध्ये, पप्पांच्या खोलीच्या दाराशी. परत आले ती थेट रोसाच्या दिवशी. गिटार हॉलमध्ये नव्हती.

"अवकाळी पडलो. हॉल गळता," दादा म्हणाला. "अढीच्या खोलयेत ठेवलंय. घरात तीच एक जागा कोरडी."

पेटी गवतावर ठेवली होती. खाली पिकत आलेल्या हापूसचे थर, वर माझ्या बापाची गिटार, आणि तिच्यावर गोणपाट. मी पेटीला हात लावला तर ती तव्यासारखी गरम. तरी मला वाटलं, निघेल. अंगणात सगळा गोतावळा जमलेला, नवरी पाटावर बसलेली, बायकांच्या हातात रसाच्या वाट्या. मी सैल करून ठेवलेल्या तारा चढवायला लागले. शेवटची तार चढते न चढते तोच टक्‌ असा आवाज झाला, आणि ज्या पट्टीत तारा अडकवलेल्या असतात ती पट्टी गिटारीच्या अंगावरून उखडून माझ्या हनुवटीला लागली. रक्त आलं. सगळे हसले. लागलेलं त्यांना दिसलं नसेल, असं मी आजवर स्वतःला सांगत आले आहे.

दादा मात्र नुसता हसला नाही. तो म्हणाला, "पप्पाच्या हातात आसताना कशी वाजायची. शेवटी हात व्हयो गो."

हात हवा. माझ्या पप्पांनी शिकवलेल्या हाताबद्दल हे त्यानं पन्नास माणसांदेखत म्हटलं, आणि कोणीतरी मोबाईलवर गाणी लावून स्पीकर पाटाशी आणून ठेवला. त्यानंतर मेमधल्या लदिनीलाही स्पीकरच यायला लागला. माझी जागा एका काळ्या डब्यानं घेतली आणि तो डबा वयनी दरवर्षी फडक्यानं पुसून ठेवते.

मडगावच्या दुरुस्तीवाल्यानं गिटार पाहिली आणि मान हलवली. उष्णतेनं सरस सुटला होता, वरची फळी फुगून चिरली होती, मान वाकली होती. भिंतीवर शोभेल, म्हणाला. मी ती भिंतीवर लावली नाही, कपाटावर ठेवली. येताजाता दिसावी म्हणून. राग विझू लागला की मी वर बघायचे.

दादानं ते मुद्दाम केलं, याबद्दल मला कधी शंका नव्हती. ज्याला गवताखालची ऊब बोटांनी मोजता येते त्याला गिटारीखालची कळली नाही, हे तुम्हाला पटतं का? मला पटलं नाही. पण दरवेळी विचारलं की तो तेच म्हणायचा. लक्षात नाय इला. कोरडी जागा म्हणून ठेवलंय. आणि वयनी म्हणायची, जाऊ दे गो बाय, लाकूडच ता. तेव्हा मी ठरवलं की मला दोन गोष्टी हव्यात. त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर, पप्पांच्या जागी बसून वाजवायचं. आणि मुद्दाम केलं हे त्याच्या तोंडून ऐकायचं. त्यासाठी मला अशी गिटार हवी होती जिचं माझा भाऊ काहीही वाकडं करू शकणार नाही.

"लोक सूड घेवक कोर्टात जातत," माझा नवरा म्हणाला. "तू गिटारीच्या दुकानात जातंस." तो देवबागला पर्यटकांची राहायची सोय बघतो, त्यांना होडीतून खाडीत फिरवून आणतो, आणि त्याला कोणाचाच राग येत नाही. तरी गाडी त्यानंच काढली.

मला लहान गिटार हवी होती, स्कूटरवर पाठीला लावून मालवणहून मिठबावला नेता येईल एवढी. गोव्यातल्या पहिल्या दुकानात एका पोरानं मला प्रवासी गिटारी दाखवल्या. एक तर मान दुमडून पिशवीत जाणारी. तिचा सांधा मी दोनदा दुमडला आणि परत ठेवली. जिथं सांधा आहे तिथं कोणीतरी एक दिवस पाचर घालणार. दुसरी प्लायवूडची, हलकी, स्वस्तातली, वाजवली तर बिस्किटाचा डबा. तिसरी खऱ्या लाकडाची, छोटीशी आणि इतकी गोड की मी तिला मांडीवरून उतरवायला तयार नव्हते. पोरगा म्हणाला, मॅडम, हिला फक्त उन्हापासून आणि दमट हवेपासून जपा. मी म्हटलं, बाळा, मी मालवणला राहते. ऊन आणि दमट हवा सोडली तर आमच्याकडे उरतं काय?

दुसऱ्या दुकानाचा मालक वयस्कर होता, घाई नसलेला. त्यानं मागच्या कपाटातून कार्बन फायबरची गिटार काढली. काळीकुळीत, अंगावर बारीक विणीची चटई पसरल्यासारखी नक्षी, पोट पातळ, भोक मध्यभागी नाही तर वर एका कोपऱ्यात. मान आणि पोट अखंड, कुठे जोड दिसत नाही. पहिल्यांदा मला ती आवडली नाही. वाद्य वाटेना, मोटारीचा सुटा भाग वाटला.

"लाकूडच नाही यात," तो म्हणाला. "त्यामुळे फुगत नाही, आकसत नाही, वाकत नाही."

"होडीत पाणी उडालं तर?"

"पुसा."

"मेच्या उन्हात गाडीत राहिली तर?"

"तारांचा सूर जरा हलेल. गिटारीला काही होणार नाही."

"गवतात पुरली तर?"

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "गिटार गवतात कशाला पुरायची?"

"आमच्याकडे पुरतात," मी म्हटलं. नवरा दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

मी एकेक विचारत गेले. वरून नारळ पडला तर, मुंग्या लागल्या तर, कोणी वर आंब्याची पेटी ठेवली तर. आंब्याच्या घरची असल्यामुळे चिकाचंही विचारलं. त्याला चीक म्हणजे काय ते सांगावं लागलं. तो म्हणाला, ओल्या फडक्यानं पुसून टाका, डाग राहणार नाही, हिच्यावर कसलाच डाग राहत नाही. नारळाचं मात्र त्यानं खरं सांगितलं. जोराचा मार बसला तर हीसुद्धा तडकते. मी मनात नोंद केली, दादाच्या माडाखाली बसायचं नाही.

मग वाजवून बघितली. खोटं कशाला बोलू, पप्पांच्या गिटारीचा आवाज नव्हता तो. तिचे खालचे सूर पोटातून यायचे, माणूस बोलल्यासारखे. हिचे सूर स्वच्छ, कडक, एकेक वेगळा. खर्ज थोडा कमी. पण मानेच्या वरच्या अंगाला बोटं सहज जात होती, आणि एका जागी बसून मी बराच वेळ वाजवत राहिले तरी सूर जागचा हलला नाही. मालकानं प्रामाणिकपणे आणखी एक सांगितलं. लाकडाची गिटार वाजवून वाजवून पिकते, वीस वर्षांनी तिचा आवाज जास्त गोड होतो. ही आज आहे तशीच राहील.

मला तेच पाहिजे होतं. पिकणाऱ्या वस्तूंशी माझं वाकडं आलं होतं.

ती घेतली. तारा मात्र खाऱ्या हवेत गंजतातच, म्हणून लेप दिलेल्या तारांचे दोन जोडही घेतले. घरी येताना नवऱ्यानं विचारलं, आता समाधान? मी म्हटलं, अजून परीक्षा व्हायची आहे.

परीक्षा मी देवबागला घेतली. त्याच्या होडीत पुढच्या फळीवर गिटार ठेवली आणि खाडीच्या तोंडाशी, लाटा उलट्या येतात तिथं, चल म्हटलं. पाणी उडालं ते तिच्या भोकातही गेलं. पर्यटकांमधल्या एका बाईला राहवेना, ताई, भिजतेय ती. भिजू दे, मी म्हटलं. दुपारी होडी वाळूवर ओढल्यावर ती तशीच उन्हात ठेवली. संध्याकाळी गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसली, उलटी करून आतलं पाणी काढलं, तारा पुसल्या, दोन खुंट्या जराशा फिरवल्या आणि वाजवली. दुकानात वाजली होती तशीच. त्या रात्री मला फार चांगली झोप लागली.

मेमध्ये लदिनीच्या आदल्या दिवशी मी मिठबावला गेले. वयनी ओट्यावर, दोन चुलत भाऊ गप्पा मारत बसलेले, आणि दादा अढीच्या खोलीत आंबे परतत होता. मी सरळ तिथं गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दादा, ही खंय ठेवू? कोरडी जागा व्हयी."

त्यानं बघितलं. "ठेव खंयय."

मी गिटार बॅगेतून बाहेर काढली आणि गवत बाजूला करून आंब्यांच्या थरावर आडवी ठेवली. वर गवत लोटलं. गोणपाट शोधून तेही घातलं. चुलत भाऊ दारात येऊन उभे राहिले. रोसाचा दिवस सगळ्यांना आठवत होता. मी हात झटकून बाहेर पडायला लागले, तेवढ्यात दादा मागून म्हणाला, "तारो तरी ढिल्यो कर गो."

मी थांबले. गिटारीतलं आपल्याला काय कळतं, असं वर्षानुवर्षं म्हणणारा माणूस. गरम जागेत तारा सैल करायच्या असतात हे त्याला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं.

"कित्याक?" मी विचारलं.

तो एक आंबा हातात घेऊन वास घ्यायला लागला. कच्चा आंबा होता, वास येण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी उत्तरासाठी थांबले नाही. जेवणात त्या रात्री मोरीचं मटण होतं. शार्कचं मटण वयनीसारखं कोणाला जमत नाही, आणि मी दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणसं जमली. क्रुसाला अबोलीचे वळेसर घातलेले, मेणबत्त्या लावलेल्या. वयनी स्पीकर घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, आज नको. आणि सगळ्यांदेखत अढीच्या खोलीत गेले, गवत उपसलं आणि गिटार बाहेर काढली. गरम होती. काडीकचरा पदरानं पुसला, पप्पांच्या जागी बसले, सूर लावला. फारसा लावावा लागलाच नाही. पहिला झंकार अंगणात गेला तशी म्हाताऱ्या मावशीनं डोळे मिटले आणि ती गायला लागली, आणि तिच्यामागून सगळे.

मी देवाची प्रार्थना वाजवत होते आणि बघत होते भावाकडे. हे पाप असेल तर असो. तो माडाच्या बुंध्याला टेकून उभा होता आणि गात नव्हता. प्रत्येक कडव्याला मी त्याच्याकडे बघितलं, आणि प्रत्येक कडव्याला माझा हात आधीपेक्षा मोकळा होत गेला. हात हवा म्हणाला होता ना, घे हात. इतकं चांगलं मी पप्पांसमोरही कधी वाजवलं नव्हतं. शेवट झाला तेव्हा मावशी म्हणाली, बापाचोच हात, आणि ते तिनं दादाकडे तोंड करून म्हटलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

माणसं उकडलेल्या चण्यांकडे वळली. मी तिथंच बसून राहिले होते. दादा आला आणि समोरच्या पायरीवर टेकला, ज्या पायरीवर बसून मी शिकले तिच्यावर.

"मीच ठेवलंय," तो म्हणाला. "मुद्दाम."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते इतक्या सहज आलं.

"हॉल गळत नव्हतो," तो म्हणाला. "वाकात, नाय तर चिरात, माका वाटला होता. तुका लागात असा वाटूक नव्हता."

"कित्याक पण?"

तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "एका वर्षी, पाऊस लागल्यावर, सीझन संपल्यावर, मी हात घासून घासून पप्पाकडे गेललंय. राखेन घासलंय, खोबरेल लावलंय, कातडी निघाली. माका शिकव म्हटलंय. पप्पान नखां बघल्यान आणि नको म्हणालो. चिकाचे हात म्हणालो. तू थंयच बसललंस."

बसले होते. ते खोटं नव्हतं.

"बाग कोणी केली आसती?" तो म्हणाला. "पण एकदा तरी." त्यानं मग दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. साठीचे हात. नखांच्या कडा काळ्या, मनगटावर चिकानं भाजल्याचे जुने आणि नवे डाग. "दी बघया," तो म्हणाला. "नुसती धरून बघतंय."

गिटार माझ्या मांडीवर होती. अजून कोमट. दुकानदाराचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. ओल्या फडक्यानं पुसा, हिच्यावर कसलाच डाग राहत नाही.

मी ती उचलून छातीशी घेतली.

"नको रे दादा," मी म्हटलं. "चिकाचे हात आसत तुझे."

त्यानं हात मागे घेतले आणि लुंगीला पुसले, पुसण्यासारखं त्यावर काही नसताना. मी गिटार बॅगेत घातली, चेन लावली. वयनी चणे घेऊन आली, तिनं आधी त्याला दिले, मग मला. मी ओंजळभर घेतले आणि तिथंच बसून सगळे खाल्ले.